बैल उलटे जुंपले, तेव्हा

किडनी बदललेल्या माणसाच्या घरात एक आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, किडनी कशी चालली आहे ते सांगणारा. क्रिएटिनिन किती? १.१. मागच्या खेपेला? १.२. सातवीतली पोरगीसुद्धा बापाचा आकडा न अडखळता सांगते. वर्धा जिल्ह्यातल्या अशा बऱ्याच घरांशी माझा संबंध आला. आधी डायलिसिसची नर्स म्हणून, मग प्रत्यारोपण झालेल्यांचा पाठपुरावा ठेवणारी समन्वयक म्हणून. आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, कुठून कुठून माणसं पहाटेच्या एसटीनं यायची. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल द्यायची म्हणून सकाळची गोळी न घेता रुमालात बांधून आणायची. रक्त दिलं की गोळी, मग डबा. दुपारी आकडा बरा निघाला की चेहरे खुलायचे आणि मंडळी परतीच्या गाडीला लागायची.

मला सांगायचं आहे ते अशा एका आजाराबद्दल, जो हा आकडा उत्तम असतानाही येतो. लघवी भरपूर होते, बीपी ताब्यात असतं, किडनीची सोनोग्राफी नीट असते, आणि मेंदूत लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, वाढत असतो. एका विषाणूमुळे होणारा लिम्फोमा. आजार दुर्मीळ आहे. प्रौढ माणसाची किडनी बदलल्यावर पुढच्या आयुष्यात कुठल्याही प्रकारचा असा लिम्फोमा होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक ते तीन, आणि त्यातही फक्त मेंदूत होणारे थोडे. इतक्या वर्षांत मी असे रुग्ण मोजकेच पाहिले. तरी त्यांच्यामुळे माझी काम करण्याची पद्धत पार बदलली. इथे लिहिताना गावं, नाती, धंदे बदलले आहेत. आजाराचा क्रम बदललेला नाही.

देवळीकडच्या एका शेतकऱ्याची किडनी बदलून चारएक वर्षं झाली होती. किडनी बायकोची. दोघं लेव्हल द्यायला आले होते. तो रक्त देऊन बाहेर बाकावर जाऊन बसला आणि ती माझ्या टेबलाशी घुटमळली.

"म्याडम, एक गोठ सांगू का जी? किडनीची नाई हाय."

"सांगा ना."

"हे कसेतरीच करून रायले. परवा बैल उलटे जुंपले."

मी शेतकऱ्याच्याच घरातली आहे, त्यामुळे मला पुढचं विचारावं लागलं नाही. जोडीतला प्रत्येक बैल आपल्या बाजूनं चालायला शिकलेला असतो. उजवीकडचा डावीकडे जुंपला तर जोडी अडते, डवरणी वाकडी जाते. दहाव्या वर्षापासून कासरा हातात असलेला माणूस अंधारातही ही चूक करत नाही. ती पुढे म्हणाली, "बैल चालंना तं त्यालेच मारत होते. बैलाले कधी हात नाई लावला जी ह्या माणसानं."

मी त्याला आत बोलावलं. वही दिली, नाव-गाव लिहायला सांगितलं. त्यानं नाव नीट लिहिलं, गावाच्या नावातलं मधलं अक्षर गाळलं आणि वही मला परत न देता हातात धरून बसून राहिला. ताप नाही, डोकेदुखी विशेष नाही. विचारलं तर म्हणाला, "मी चांगला हाव." त्या दिवशीचं क्रिएटिनिन १.२ होतं. बायकोनं बैलांची गोष्ट किडनीच्या दवाखान्यात सांगायची नाही असं ठरवलं असतं, तर तो हसत घरी गेला असता. डॉक्टरांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात एमआरआय केला. मेंदूच्या दोन्ही बाजूंना मिळून चार ठिकाणी गाठी होत्या, कडेनं उजळ आणि मधे काळ्या.

आता या विषाणूबद्दल. त्याचं नाव एपस्टाइन-बार, डॉक्टर ईबीव्ही म्हणतात. १९५८ मध्ये युगांडात काम करणारे सर्जन डेनिस बर्किट यांनी तिथल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या गाठींचं वर्णन केलं. त्या गाठींचे तुकडे विमानानं लंडनला अँथनी एपस्टाइन यांच्याकडे जायचे. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावं लागलं. नमुना उशिरा पोचला आणि बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. जंतू वाढले असणार, असंच कुणालाही वाटलं असतं. एपस्टाइन यांनी तो टाकून न देता सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर गढूळपणा गाठीतून सुट्या झालेल्या जिवंत पेशींचा होता. त्याच पेशी वाढवून १९६४ मध्ये एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी विषाणू शोधला. नर्सिंगच्या मुलींना मी हा प्रसंग आवर्जून सांगते. शरीरातून काढलेला नमुना किती मोलाचा असतो, हे त्यातून त्यांना नीट कळतं.

हा विषाणू नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात असतो. आपल्याकडे तो बहुतेकांना लहानपणीच लागतो, लाळेतून, आणि लागल्याचं कळतही नाही. पुढे तो रक्तातल्या बी पेशींमध्ये जन्मभर राहतो. त्याच्यावर टी पेशींचा पहारा असतो. नातेवाइकांना मी सांगते की शेतात राखणदार जागा आहे तोवर रानडुकरं बांधावरच थांबतात. किडनी बदलल्यावर आपण औषधं देतो ती या राखणदाराला गुंगी आणण्यासाठीच, कारण तो जागा राहिला तर नव्या किडनीलाही परकी समजून मारेल. एवढं सांगितलं की सेलूहून आलेल्या एखाद्या आजीलाही सगळं समजतं.

बोस्टनला २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांच्या गटानं केलेलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधलं होतं. तिथे या औषधांची गरजच पडली नाही. बाकी सगळ्यांना ती लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही आमच्याकडची नेहमीची तिकडी. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालं. शेतकरी रुग्णांना हे सांगितलं की त्यांना फार समाधान वाटतं, असा माझा अनुभव आहे. या औषधांनी हजारो माणसं जगवली. आणि याच औषधांमुळे काही थोड्यांच्या बी पेशी विषाणूच्या जोरावर बेबंद वाढतात. मेंदूत तर पहारा मुळातच कमी. हा आजार प्रत्यारोपणानंतर पहिल्या वर्षी येऊ शकतो, पण मेंदूतला लिम्फोमा बरेचदा चार-पाच वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, म्हणजे सगळे निर्धास्त झाल्यावर येतो.

शेतकऱ्याच्या बायकोला मी हे समजावून सांगितलं, तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "माह्या किडनीतूनच गेला असंन का जी हा रोग?"

हा प्रश्न मला प्रत्येक घरात कुणी ना कुणी विचारला आहे. किडनी देणारी बहुतेक वेळा बायको किंवा आई असते. आपल्याकडे देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे मला वर्षानुवर्षं टोचत आलं आहे. त्यावर वेगळं लिहायला हवं. ज्या बाईनं ऑपरेशन करून घेतलं, टाके सोसले, पंधरा दिवसांत उठून पुन्हा स्वयंपाकाला लागली, तिनं वर हा अपराधही स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा? म्हणून याचं उत्तर मी घाईत देत नाही. तिला शेजारी बसवून सांगते. तुमच्या नवऱ्याच्या अंगात हा विषाणू लहानपणापासून होता. गाठ झाली ती त्याच्याच पेशींची, तुमच्या नाही. ज्या लहान मुलाला हा विषाणू कधी लागलेलाच नसतो, त्याला किडनीबरोबर तो मिळू शकतो, तिथे धोका जास्त असतो आणि तिथे डॉक्टर आधीच तपासतात. तुमच्या नवऱ्याचं तसं नव्हतं. ती बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे माह्या सासूले बी सांगा." मी सासूलाही सांगितलं.

याच्या काही वर्षं आधीचा एक रुग्ण मला विसरता येत नाही. किडनी बदललेला, पस्तिशीतला, कापसाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणारा. हिशेब चुकायला लागले, मग एक फिट आली. घरच्यांनी जवळच्या दवाखान्यात नेलं. सिटी स्कॅनमध्ये मेंदूत गोल कड्यांसारख्या गाठी दिसल्या. आपल्या भागात अशी गाठ दिसली की पहिलं नाव टीबीचं येतं, दुसरं फीतकृमीच्या अळीचं. त्यात चूक काहीच नाही. टीबी आपल्याकडे आहेच, आणि किडनी बदललेल्यांना तो इतरांपेक्षा जास्त होतो. त्याला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोनची इंजेक्शनं.

आठ दिवसांत माणूस उठून बसला. बोलायला लागला, बेरजा करायला लागला. घरात पेढे वाटले. टीबीच होता, औषध लागू पडलं, असं सगळ्यांना वाटलं.

औषध लागू पडलं होतं हे खरं, पण ते स्टेरॉइड होतं. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडनं झपाट्यानं मरतात. गाठ आक्रसते, कधी स्कॅनमधून दिसेनाशीही होते, आणि काही आठवड्यांनी दुप्पट जोरानं परत येते. तो आमच्याकडे आला तेव्हा त्याला डाव्या अंगाला लकवा होता. बायोप्सी झाली, तर तुकड्यात नुसत्या मेलेल्या पेशी आणि सूज. स्टेरॉइडनं पुरावाच पुसून टाकला होता. निदानासाठी दुसऱ्यांदा सुई घालावी लागली आणि त्यात दिवस गेले.

दुसरीकडे टीबीच्या रिफॅम्पिसिननं वेगळंच नुकसान केलं होतं. हे औषध यकृताला टॅक्रोलिमस भराभर मोडायला लावतं. रक्तातली लेव्हल इतकी खाली येते की डोस कित्येक पटींनी वाढवावा लागतो, नाहीतर शरीर किडनी नाकारतं. फिटसाठीचं फेनिटॉइनही तेच करतं. म्हणून किडनीचे डॉक्टर फिटसाठी बहुधा लेव्हेटिरासिटाम निवडतात. त्या तरुणाच्या बाबतीत मेंदूचा खरा आजार उशिरा सापडला आणि तोवर किडनीही बिघडली. तो गेला. त्याच्या बायकोनं मला नंतर विचारलं की पेढे वाटले तेव्हा कुणीच का थांबवलं नाही. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या तालुक्याच्या डॉक्टरांनीही समोर दिसलं त्यावरून जीव वाचवायचाच प्रयत्न केला होता.

त्या घटनेनंतर आमच्याकडे एक शिस्त आली. किडनी बदललेल्या माणसाच्या मेंदूत गाठ दिसली की जिवावरचा प्रसंग नसेल तर स्टेरॉइडचा मोठा डोस देण्याआधी न्यूरोसर्जनला फोन. तुकडा आधी, इंजेक्शन नंतर. निरोगी प्रतिकारशक्तीच्या माणसात मेंदूतला लिम्फोमा एमआरआयवर सहसा एकसंध उजळ दिसतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात त्याच गाठीचा मध्य मरतो आणि कडा उरते. मग टीबी, टॉक्सोप्लाझ्मा, नोकार्डिया, बुरशीचा गळू आणि लिम्फोमा हे सगळे फिल्मवर सारखेच भासतात. रक्तात ईबीव्ही सापडला नाही म्हणून मेंदूत नाही, असंही म्हणता येत नाही. पाठीतल्या पाण्याची तपासणी मदत करते, पण अखेरचा शब्द बायोप्सीचा. पॅथॉलॉजीचे डॉक्टर त्या तुकड्यावर खास तपासणी करून पेशीच्या आत विषाणूची खूण शोधतात. ती सापडली की शंका उरत नाही.

मेंदूत सुई घालायची म्हटलं की घरचे हादरतात. "डोक्याले हात लावू नका, गोळ्या द्या," हे मी किती जणांकडून ऐकलं असेल. त्यांच्या भीतीला मी कधी अडाणीपणा म्हटलं नाही. मेंदूच्या बायोप्सीत रक्तस्राव होऊ शकतो, हे खरंच आहे. पण अंदाजानं दिलेल्या उपचारात माणूस कसा हातचा जातो, ते मी पाहिलं होतं. त्या हिशेब लिहिणाऱ्या तरुणाची गोष्ट, नाव न घेता, मी पुढच्या प्रत्येक घराला सांगितली.

शेतकऱ्याची बायोप्सी झाली. लिम्फोमाच निघाला. आता उपचार.

पहिली पायरी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करण्याची. १९८४ मध्ये अमेरिकेतले थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की ही औषधं कमी केल्यावर अशा काही गाठी आपोआप विरघळतात. मेंदूतल्या गाठीला मात्र एवढ्यानं क्वचितच भागतं. मायकोफेनोलेट बंद होतं, टॅक्रोलिमस कमी होतं, आणि पुढे रिटुक्सिमॅब आणि मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट, किंवा मेंदूला रेडिएशन. रिटुक्सिमॅबचं भारतीय रूप हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं २००७ मध्ये बाजारात आणलं, त्यानंतर ते आपल्या माणसांच्या थोडंफार आवाक्यात आलं. मेथोट्रेक्सेट जुनं आणि स्वस्त आहे. अडचण अशी की ते शरीराबाहेर टाकण्याचं काम किडनीचं, आणि आमच्या रुग्णाकडे चालू किडनी एकच, तीही उसनी.

मेथोट्रेक्सेटचे ते दिवस नर्सच्या कामाचे असतात, आणि मला त्या कामाचा अभिमान आहे. लघवी आम्लधर्मी झाली तर औषधाचे स्फटिक किडनीत अडकतात. म्हणून आदल्या रात्रीपासून शिरेतून सोडा-बायकार्ब आणि भरपूर सलाइन. प्रत्येक लघवी मापाच्या भांड्यात, त्यात कागदाची पट्टी बुडवायची, रंग पाहायचा, पीएच ७ च्या वर आहे ना ते लिहायचं. रात्री दोनलाही. ठरलेल्या तासाला मेथोट्रेक्सेटचा उतारा म्हणून ल्युकोव्होरिन सुरू करायचं, त्यात उशीर चालत नाही. आणि औषधाची रक्तातली पातळी धोक्याखाली येईपर्यंत रोज रक्त पाठवायचं.

त्याआधी मी एक गोष्ट करायचे. रुग्णाची औषधाची पिशवी पलंगावर उलटी करायची. शेतकऱ्याच्या पिशवीतून निघालं ते असं: टॅक्रोलिमस दोन ताकदींचं, प्रेडनिसोलोन, बीपीची गोळी, सेप्ट्रानची पट्टी, पित्ताची गोळी, आणि डोकं दुखतं म्हणून गावच्या दुकानातून आणलेल्या, पाकीट नसलेल्या चार दुखण्याच्या गोळ्या. किडनी बदललेल्यांना फुफ्फुसाचा एक जंतुसंसर्ग टाळण्यासाठी सेप्ट्रान देतात. तेच मेथोट्रेक्सेटबरोबर गेलं तर रक्तपेशी कोसळू शकतात. पित्ताची गोळी आणि दुखण्याची गोळी मेथोट्रेक्सेट शरीरात अडकवून ठेवतात. डॉक्टरांना विचारून तिन्ही बाजूला काढल्या. फाईलमध्ये दुखण्याच्या गोळ्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. तेव्हापासून फाईलइतकीच पिशवीही पाहायची, हा आमच्या वॉर्डाचा नियम झाला.

दुसरा एक प्रसंग एका आईचा. मुलगा पंचविशीच्या आतला, पुलगावकडचा. त्याला किडनी तिनंच दिलेली. डोळ्यांना दोन-दोन दिसतं म्हणून तो आधी चष्म्याच्या दुकानात गेला होता. त्याच्या गाठी मेंदूच्या अवघड जागी होत्या. डॉक्टरांनी घरच्यांना बसवून स्पष्ट सांगितलं की मेंदू वाचवायचा तर औषधं जवळजवळ बंद करावी लागतील, आणि मग किडनी टिकण्याची खात्री देता येणार नाही. बाप खाली मान घालून बसला. आईनं विचारलं, "माही दुसरी बी घेता येते का?"

खोलीत कुणालाच बोलता आलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "नाही माय, ती तुमची तुम्हालाच लागते."

त्या मुलाची किडनी सहा महिन्यांत बंद पडली. तो पुन्हा डायलिसिसवर आला, आठवड्यातून तीनदा. गाठी मात्र गेल्या. डायलिसिसवर त्याच्या आईनं मला एकदा थांबवलं आणि म्हणाली की लोक तिला विचारतात, तुझी किडनी वाया गेली ना. ती त्यांना सांगते की साडेतीन वर्षं पोरगं त्याच किडनीवर कॉलेजात गेलं. या बाईनं मला जे सांगितलं ते मी आता नवीन दात्यांना सांगते. किडनी किती दिवस टिकली यावरून दानाचं मोल ठरत नाही.

एक वाईट अनुभवही सांगितला पाहिजे. या आजाराची बातमी बाकावर पसरते. "गोळ्यांनीच डोक्यात कॅन्सर झाला म्हणे," एवढंच वाक्य एका तोंडून दुसऱ्या तोंडी जातं. हिंगणघाटच्या एका गृहस्थांनी ते ऐकलं आणि कुणाला न विचारता गोळ्या निम्म्या केल्या. त्यांना लिम्फोमा झाला नव्हता, होण्याची शक्यताही अगदी थोडी होती. दीड महिन्यात क्रिएटिनिन ४ च्या पुढे गेलं. शरीरानं किडनी नाकारायला सुरुवात केली होती. मोठमोठी इंजेक्शनं देऊन ती अर्धीमुर्धी वाचली, म्हणजे नाकारणं थांबवण्यासाठी त्यांची प्रतिकारशक्ती आधीपेक्षा जास्त दाबावी लागली. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च झेपत नाही म्हणून मधेच गोळ्या सोडणारेही मी पाहिले आहेत. प्रत्यारोपणाच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली, हे चांगलंच झालं. पण गोळ्या जन्मभर लागतात, आणि घरं खरी मोडतात ती तिथे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची किडनी बदललेली असेल तर त्यांना हात जोडून सांगते, गोळी कमी करायची ती फक्त तुमच्या किडनीच्या डॉक्टरांनी. ऐकीव माहितीवर एकही गोळी सोडू नका.

वर्ध्यात सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभारलेलं, आणि सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, जिथे किडनी प्रत्यारोपणही होतं. तरी काही जण नागपूर, मुंबई, अहमदाबाद, नडियादला जाऊन किडनी बदलून येतात. कॅन्सरच्या उपचारासाठी नागपूरचं तुकडोजी रुग्णालय किंवा जामठ्याची संस्था. आजार एक, दवाखाने तीन, फायली चार, आणि सगळ्या घेऊन फिरणारी एक बाई. युरोपात डिसेंबर २०२२ मध्ये या विषाणूविरुद्ध तयार केलेल्या दात्याच्या टी पेशींच्या उपचाराला मान्यता मिळाली. म्हणजे झोपलेल्या राखणदाराच्या जागी दुसरा आणून बसवायचा. ते आपल्या तालुक्यांपर्यंत कधी पोचेल ते पोचेल. तोवर वेळेवर ओळखणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि ओळखण्याची सुरुवात घरातच होते.

त्यामुळे पाठपुराव्याच्या माझ्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवून घेतली. रुग्णाला बाहेर पाठवायचं आणि बरोबर आलेल्या माणसाला एकट्यात विचारायचं. घरी काही वेगळं वाटतं का? पैसे मोजताना चुकतात का? रोजची वाट चुकले का? उगीच चिडतात का, किंवा उगीच गप्प बसतात का? लिहिताना, गुंड्या लावताना, ताटातलं उचलताना हात चुकतो का? रुग्ण एकटा आला असेल तर घरी फोन लावायचा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाई जी, सगळं बरोबर हाय." कधी वेगळं उत्तर येतं आणि कारण शुगरचं निघतं, बीपीचं निघतं, टॅक्रोलिमसची लेव्हल जास्त झाल्याचं निघतं, एकदा तर पोराच्या लग्नाच्या कर्जाचं निघालं. लिम्फोमा क्वचितच. तरी प्रत्येक वेळी विचारल्याचं काहीतरी चीज झालंच.

तो शेतकरी आज आहे. चालताना काठी लागते, शेत मुलगा पाहतो, क्रिएटिनिन २ च्या आसपास राहतं. दर सहा महिन्यांनी एमआरआय होतो.

माझी विनंती तालुक्याच्या आणि गावच्या डॉक्टरांना आहे. किडनी बदललेला माणूस फिट, लकवा, दोन-दोन दिसणं किंवा नुसतं "हे कसेतरीच करून रायले" अशी तक्रार घेऊन तुमच्याकडे आला, तर डेक्साची सुई टोचण्याआधी आणि टीबीच्या गोळ्या लिहिण्याआधी त्याच्या प्रत्यारोपण केंद्राला एक फोन करा. आणि घरच्यांनो, तो नंबर फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे डॉक्टरांना तो शोधावा लागणार नाही.